पुडिंग पेटलं तेव्हा

मेमसाहेबांनी खुर्च्या चुकीच्या मांडल्या होत्या.

शंभूने हातातला ट्रे ठेवला आणि दिवाणखाना पुन्हा एकदा न्याहाळला. टीव्ही नेहमीच्या जागी होता, खाली व्हिडिओ मशीन. पण खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडे नव्हती. ती होती गालिच्याच्या डाव्या कोपऱ्याकडे, जिथे दर नाताळला तो स्वतः मांडी घालून बसायचा. अशाने पाहुण्यांच्या माना आखडणार. गोऱ्या बाईला टर्की भाजायची अक्कल असते, तशी खुर्च्या मांडायची असेलच असं नाही. त्याने एकेक खुर्ची नीट टीव्हीकडे वळवली.

मेमसाहेब मेणबत्त्या घेऊन आल्या आणि हसल्या. "नो, नो, शंभू!" म्हणत त्यांनी सगळ्या खुर्च्या पुन्हा वाकड्या केल्या.

शंभूने ट्रे पुन्हा उचलला. घर त्यांचं, पाहुणेही त्यांचे.

कॅसेट जुनीच होती. साहेबांच्या बहिणीने विलायतेत टीव्हीवरून उतरवून पाठवलेला विनोदी कार्यक्रम, खास नाताळचा. एका हॉटेलात जाडा वेटर पुडिंग आणतो, मालक त्यावर दारू ओतून काडी लावतो, निळी ज्योत उठते. वेटरला वाटतं आग लागली. तो पळत जाऊन बादली आणतो आणि पुडिंग सोडून बाकी सगळ्यांना आंघोळ घालतो. शंभूचं इंग्रजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी संपायचं, पण बादलीला भाषा लागत नाही.

"कम, शंभू, सिट," साहेब म्हणाले, आणि शंभू अ‍ॅप्रन काढून कोपऱ्यात बसला.

आखातातल्या जुफैरच्या या बंगल्यात वर्षभर तो स्वयंपाकी होता. ही एक संध्याकाळ तो प्रेक्षक असायचा. नंतर महिनाभर गुदैबिया वस्तीतल्या कामगारांच्या खोलीवर तो तेच सांगायचा, "सायबाक माझ्याबिगर ती कॅसेट बघूक जमना नाय." खोलीतले बाकीचे ऐकून घ्यायचे. त्यांच्या साहेबांनी त्यांना कधी बसायलाही सांगितलं नव्हतं.

जाड्याने ट्रे उचलला तेव्हाच शंभूला हसण्याची उकळी फुटली. ज्योत पेटली तसा तो मांडीवर थापा मारू लागला. "मेलो, मेलो!" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मेलो, मेलो!" मागून पाहुणे एका सुरात ओरडले.

दर वर्षी ओरडायचे. शंभूला त्याचा अभिमान होता. आपल्यामुळे इंग्रज मराठी शिकले. एकच शब्द शिकले, पण सुरुवात कुठून तरी होतेच.

जाडा धापा टाकत बादली घेऊन दारात आला. त्याने ती डोक्यावर उचलली. आणि पडदा काळा झाला.

घासून घासून टेप अखेर त्याच जागी गेली होती. शंभूचं हसू तोंडातच थांबलं. आता कोणीतरी "अरेरे" करेल, साहेब उठून मशीनला टपली मारतील, म्हणून तो थांबला. कोणी उठलं नाही. मागचं हसणं तसंच चालू होतं.

काळ्या काचेत दिवाणखाना दिसत होता. झाडावरचे लाल-हिरवे दिवे, वाकड्या खुर्च्या, खुर्च्यांवरची माणसं. एकाचीही नजर टीव्हीवर नव्हती. पडदा गेल्याचं त्यांना अजून कळलंच नव्हतं. साहेबांनाही नाही.

"मेलो?" एक बाई हळूच म्हणाली. पोपटाला बोलतं करायला म्हणतात, तशी.

शंभू उठला. "पुडिंग, साहेब," म्हणाला आणि आत गेला.

स्वयंपाकघराच्या दारात हारून केक खात उभा होता. हारून साहेबांचा ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा, गुदैबियाच्या खोलीत शंभूच्या शेजारच्या खाटेवरचा. दर नाताळला तो याच दारातून बघायचा.

"हारून, ते टीव्ही बघी नाय होते रे."

"टीव्ही बघायला कोन येतो येड्या? टीव्ही त्यांच्या घरी नाय?" हारूनने बोट चाटलं. मग शंभूचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "माला वाटला, तुला ठावक हाय. ठावक असून बसतोस."

"आणि तू? तू हयसून काय बघत होतंस इतकी वर्सां?"

हारूनने हातातली बशी ओट्यावर ठेवली.

"हसतोस पन झकास, शंभू," तो म्हणाला.

शंभूने अ‍ॅप्रन बांधला. पुडिंग बाहेर नेऊन टेबलावर ठेवलं. मेमसाहेबांनी वरून ब्रँडी ओतली, काडी लावली. निळी ज्योत उठली.

शंभूने बाजूच्या मेजावरचा पाण्याचा जग उचलला.

टेबलाभोवती एकदम कुजबुज झाली. कोणीतरी कोणाला कोपर मारलं. खुर्च्या आनंदाने मागे सरकल्या. मघाच्या बाईने दोन्ही हात आधीच तोंडावर घेतले. "ओ नो, शंभू!" साहेब म्हणाले, आणि कोट सावरून वाट बघू लागले.

जग हातात धरून शंभू उभा राहिला. ज्योत लहान झाली, कडेकडेने फिरली आणि आपोआप विझली.

मग एक हात पाठीमागे ठेवून, मेमसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाच्या उजव्या बाजूने, एक थेंबही न सांडता त्याने एकेकाचा ग्लास भरला.

कोणालाच तहान लागली नव्हती.