खोट

दातांचे डॉक्टर गाडीभोवती तिसरी फेरी मारत होते. हिरड्या तपासाव्यात तशा बोटाने दाराच्या कडा दाबून बघत होते. थोरला भाऊ शेडच्या दाराशी स्टुलावर बसला होता. धाकटा आधीच स्वच्छ असलेले हात फडक्याने पुसत होता. दोघेही दमले होते. एका दिवसाचं नव्हे, नऊ वर्षांचं दमणं होतं ते.

गाडी ब्रिटिश बनावटीची, जुनी, दोघांपुरती, उघड्या टपाची. रंग गर्द हिरवा. वडिलांनी ती हौसेने घेतली, हौसेने खोलली आणि परत जोडायच्या आत ते गेले. मागे उरला गंजका सांगाडा आणि सुट्या भागांची एकवीस खोकी.

थोरला पत्र्याचं आणि रंगाचं काम करायचा. धाकटा इंजिनांचा मिस्त्री. वडील गेले तेव्हा धाकटा परगावी होता. थोरल्याने त्याची वाट न बघता अंत्यसंस्कार उरकून घेतले. धाकटा पोचला तोवर माणसंही पांगली होती. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. पण गाडी भंगारात द्यायला कुणाचंच मन धजेना, आणि एकट्या भावाच्या हाती सोपवायलाही. म्हणून दर रविवारी सकाळी दोघे शेडमध्ये यायचे.

"बाराचा पाना."

"तिथे हात लावू नको, रंग ओला आहे."

बोलणं एवढंच. थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने पत्रिका पान्यांच्या पेटीवर ठेवली. धाकट्याने ती वाचली, खिशात घातली आणि कार्बोरेटर साफ करायला घेतला. लग्नाला तो गेला नाही.

गेल्या महिन्यात शेवटचा स्क्रू बसला. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं.

"विकून टाकू," थोरला म्हणाला. "आता गुडघे वाकत नाहीत."

"माझीही पाठ गेलीय," धाकटा म्हणाला.

आनंद कुणालाच झाला नाही. दोघांनी आपापला डबा उचलला आणि घर गाठलं.

आता डॉक्टर गाडी चालवूनही आले. केस विस्कटले होते, चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "तुम्ही म्हणाल ती किंमत. उद्याच घेऊन जातो," ते म्हणाले. "फक्त खरं सांगा. काही खोट आहे का हिच्यात?"

थोरल्याने जन्मात गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं. रंगाखाली गंज दडवणाऱ्याला तो तोंडावर चोर म्हणायचा. त्याने गाडीकडे बघितलं. मग भावाकडे.

"गरम होते," तो म्हणाला. "तासभर चालवली की उकळायलाच लागते."

धाकट्याचे हात थांबले. रेडिएटर त्याने स्वतः तीनदा तपासला होता. त्याच्या कामाला नाव ठेवलेलं तो कुणाचंच ऐकून घ्यायचा नाही.

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "खरंय का हो मिस्त्री?"

धाकटा बराच वेळ भावाकडे बघत राहिला. थोरला खाली मान घालून नखातला हिरवा रंग खरवडत होता.

"गरम होणं परवडलं," धाकटा शेवटी म्हणाला. "दुसरा गिअर कधी सुटेल त्याचा नेम नाही. उतारावर तर गाडी काढूच नका."

"पण मी आत्ताच उतारावरून आलो!"

"थोडक्यात वाचलात," थोरला म्हणाला.

डॉक्टर निघून गेले. मग थोरला गुडघ्यांवर हात टेकून उठला. दोघांनी दोन टोकं धरून गाडीवर कापड ओढलं.

"रविवारी गिअरबॉक्स उतरवू," धाकटा म्हणाला.

"एका रविवारात होईल?"

"छे! मनासारखं करायचं तर वर्षं लागतील, दादा."