पडद्यावरचा तास

बोईसरच्या कॉलेजातले प्राध्यापक रामनाथ चुरी मुलखाचे लाजाळू. १९९८ साली विद्यापीठाने ठरवले की सरांनी मुंबईच्या स्टुडिओत बसून शिकवायचे आणि बोईसरच्या मुलांनी तो तास पडद्यावर पाहायचा. कॅमेऱ्यासमोर सरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी तंत्रज्ञाला विनवले, “माझा चेहरा नको हो. नुसते तक्ते दाखवा, मी मागून बोलतो.”

सत्र संपले आणि अध्यापकांचे अभिप्राय मागवले गेले. सरांनी वळणदार अक्षरांत लिहिले, ‘पद्धत उत्तम. शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द स्पष्ट पोहोचतो.’

पहिल्या बाकावरची कमळी मात्र या वेळी परीक्षेला बसलीच नव्हती. आधीची दोन वर्षे सर वर्गात समोर उभे राहून शिकवत, तेव्हा तिची नजर क्षणभरही इकडेतिकडे गेली नव्हती, आणि उत्तरपत्रिका तर सगळ्यांत सरस असायची. न राहवून सर सरावलीला तिच्या घरी गेले. कमळी वीटभट्टीवर कामाला गेली होती. तिची आई नवसी ओशाळली.

“तिला ऐकू येत नाय, सर. लहानपनी ताप आलेला, तवापासून. तुमचे ओठ बगून सगळं समजायची. कॉलेजात कळलं तर काढून टाकतील, म्हनून कुनाला बोलली नाय.”



नवसीने मग भीत भीत विचारले, “आमच्या पोरीचं काय चुकलं काय, सर? कमळी सारखी इचारते, सर आता तोंड का दाखवत नाय?”