बिनाकांद्याचं ताट

"परगावी पाटी वाचून जेवायला बसू नकोस. आधी फोडणीचा वास घे," असं सासूबाई बजावायच्या. कचेरीच्या कामासाठी दोन दिवस अकोल्यात आलेल्या अनसूयाबाईंचा चातुर्मास होता. कांदा-लसूण वर्ज्य आणि दिवसातून एकदाच जेवण. 'शुद्ध शाकाहारी' अशा तीन पाट्यांखाली वास घेऊन त्या माघारी फिरल्या. दुपारचे तीन वाजले, पोटात कावळे ओरडू लागले.

चौथ्या खानावळीची मालकीण दारातच आडवी आली. "बिनाकांद्याचं ताट तयार आहे जी. बसा न, ताई!"

न मागता तयार? अनसूयाबाई तडक स्वयंपाकघरात शिरल्या. वरणाला हिंग-जिऱ्याचाच वास होता, तरी संशय जाईना. "कालचं शिळं खपवताय की काय? एवढा आग्रह कशाला?"

मालकीण ओशाळली. "नेम आहे माझा. चातुर्मासात रोज एका नेमाच्या माणसाला जेवू घातल्याबिगर मी घास घेत नाही. आज कोणी फिरकलंच नाही न."

तिचे ओठ सुकले होते. अनसूयाबाई ताटावर बसल्या आणि पोटभर जेवल्या. निघताना हळूच म्हणाल्या, "उद्या बारालाच येते. तुम्हाला ताटकळत नाही ठेवायची."

दुसऱ्या दिवशी काम दहालाच आटोपलं. स्टँडवर गावाकडची गाडी उभी होती. घरी जाऊन निवांत जेवता आलं असतं. "चला मावशी, जागा आहे," कंडक्टर म्हणाला. अनसूयाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं, पिशवी खांद्याला लावली आणि त्या खानावळीच्या वाटेला लागल्या.