‘अ’ला चार चिंचोके

मधुकरची ट्रंक एप्रिलात सांगलीला आली. स्टेशनवरून ती घेऊन आलेला ज्योतिबा हमाल एके काळी गोपाळकृष्ण मास्तरांच्या वर्गात होता.

“लय जड हाय, मास्तर. धाकल्या मालकांनी पुस्तकं धाडली जणू,” तो ओटीवर ट्रंक टेकवत म्हणाला. आतून मधुकरची आई शरयूबाई आल्या, त्यांचा चेहरा पाहून ज्योतिबाला काय ते कळलं. तो हमालीसाठीसुद्धा थांबला नाही.

जानेवारीत तिकडे विलायतेत, विद्यापीठाच्या दारासमोर, बर्फावरून घसरलेली मोटार मधुकरच्या अंगावर आली होती. दहनही तिकडेच उरकलं.

कपडे शरयूबाईंनी उचलून घेतले. कागद मास्तरांकडे राहिले. गणकयंत्राने छापलेले लांबलचक कागद, आणि समासात मधुकरची पेन्सिल. एका पानावर तोच प्रश्न होता, जो त्याने नोव्हेंबरातल्या पत्रात विचारला होता.

‘अण्णा, एक गाठ सुटत नाही. माझा नियम अक्षरांच्या ओळीवर चालतो आणि स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारतो. तो कधीतरी थांबतोच, हे सिद्ध करून दिल्याशिवाय यंत्र तो घेत नाही. ओळ दर वेळी आखूड होत गेली तर यंत्राला पटतं. माझी मध्येच लांबते. तरी थांबते, हे मला दिसतंय. तुम्ही पाहाल का?’

मास्तरांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीला ये म्हणून दोनदा लिहिलं, तरी तो आला नव्हता. आणि आता गाठ अडली तेव्हा अण्णा आठवले, असं त्यांच्या मनात आलं होतं. पत्र त्यांनी पंचांगात ठेवून दिलं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर ते कागद घेऊन बसले. उन्हं कलली तेव्हा त्यांनी शरयूबाईंना हाक मारली.

“चिंचोके आण गं थोडे.”

मूळ नियमाला अकरा कलमं होती. शरयूबाईंना समजावं म्हणून त्यांनी दोनच घेतली. पाटीवर ‘अबअ’ लिहिलं.

“पहिलं अक्षर बघायचं. ‘ब’ असेल तर पुसायचं. ‘अ’ असेल तर पुसून तिथे तीन ‘ब’ लिहायचे. मग उरलेल्या ओळीला पुन्हा हेच.”

“मग ती वाढतेच की.”

“वाढते. तो लांबी मोजत बसला. लांबी मोजायचीच नाही. ‘अ’ला चार चिंचोके द्यायचे, ‘ब’ला एक.”

नऊ चिंचोके मांडले. मास्तर पाटीवर पुसत, लिहीत गेले. ओळ मध्ये लांबली, तरी दर खेपेला शरयूबाईंच्या हातून एकच चिंचोका उचलला गेला, एकही खेप चुकली नाही. शेवटी पाटी कोरी झाली आणि फरशीवर काही उरलं नाही.

शरयूबाईंनी कोऱ्या पाटीवरून हात फिरवला. “किती वेळ लागला तुम्हाला?”

“एक दुपार.”

त्या चिंचोके परत वाटीत टाकू लागल्या. पदराने डोळे पुसले नाहीत. ते मास्तरांना फार जड गेलं.

“त्याच्या प्रोफेसरांना कळवायला हवं,” ते म्हणाले. “काम अडून राहायला नको.”

कपाटात एक निळं हवाई पत्र शिल्लक होतं, दिवाळीपूर्वी आणलेलं. मास्तरांनी ते मेजावर नीट सपाट केलं, टाक बुडवला आणि वर तारीख घातली. खाली हाताच्या सवयीने अक्षरं उमटली : ‘चिरंजीव मधुकर यास अनेक आशीर्वाद.’

टाक थांबला. शाई वाळेपर्यंत ते त्या ओळीकडे बघत राहिले, मग खोडायला हात पुढे केला.

शरयूबाईंनी मागून येऊन तो हात धरला.

“खोडू नका,” त्या म्हणाल्या. “त्याचं लिहून होऊ दे. प्रोफेसरसाहेबांसाठी मी उद्या दुसरं आणते.”