चौथा डिमर

"हाही लुकलुकतो," असं म्हणत बाईने डिमरचा निळा खोका काउंटरवर ठेवला. दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा.

आत फळीवर बल्ब लावत असलेली दुकानदाराची बायको हात आवरून ऐकू लागली.

"उजेड खाली आणला की दिवा आधी गुणगुणतो, मग फडफडतो," बाई सांगत होती. "मला कमीजास्त करता आलाच पाहिजे. माझं कामच तसं आहे."

असलं कसलं गं बाई काम, ज्याला दिवे मंद करावे लागतात? बायकोने मनातल्या मनात नाक मुरडलं.

नवरा मात्र हसला. "बदलून देतो की." तो वळला, खालून दुसऱ्या रांगेत हात घातला आणि तसाच दुसरा निळा खोका काढून दिला.

बायकोच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा तोच! जुन्या पिवळ्या, तारेच्या बल्बांचा डिमर. एलईडी दिव्याला वीज लागते चिमूटभर. तो या डिमरवर स्थिर राहतच नाही. हे तिला ठाऊक होतं, आणि शिकवलं होतं ह्यानेच. दोन्ही खोके एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. फरक फक्त कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांच्या ओळीचा. पण न बघता हव्या त्या वस्तूवर ज्याचा हात पडतो, तो माणूस लागोपाठ इतक्यांदा चुकेल?

तो चुकत नव्हता. मुद्दाम देत होता. दिवा लुकलुकला की बाई परत येणार, एवढं न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

एकदा संशय शिरला की सगळं जुळतच जातं. दोन महिन्यांपूर्वी दुकानाला रंग दिला, तेव्हा तिने एकटीने सगळ्या फळ्या नव्याने लावल्या, वरचा माल खाली, खालचा वर. "छान झालं," म्हणाला, पण मान वर करून बघितलं नाही. मग स्कूटर विकून टाकली. म्हणे चालणं तब्येतीला चांगलं. जन्मभर घरी दाढी केली, आता रोज न्हाव्याकडे जाऊन गुळगुळीत होऊन येतो. या वयात! परवा ती नवाकोरा पिवळा ड्रेस घालून त्याच्या पुढ्यात उभी राहिली, तर ह्याने चहा मागितला. आणि ही बाई? हिने अजून तोंडही उघडलेलं नसतं. हिच्या चपला पायरीवर वाजल्या मात्र, की ह्याचा चेहरा खुलतो. "या बाई, या!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. मूलबाळ नाही, फारसे नातेवाईक नाहीत. दुकान आणि हा माणूस, तेवीस वर्षांत एवढंच तिने आपलं म्हटलं होतं.

काउंटरवर बाई पुढे झुकली. आवाज खाली आला.

"घरी सांगितलंत?"

"अजून नाही."

"किती दिवस लपवणार? आज ना उद्या कळणारच ना त्यांना."

"धीर होत नाही हो. कोलमडेल ती."

बायकोच्या हातातला बल्ब खाली पडून फुटला. काच गोळा करताना बोट कापलं.

"जपून गं," नवरा काउंटरवरूनच म्हणाला. ती रक्ताळलेलं बोट धरून समोर आली, तरी त्याने बोटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला रडू फुटलं ते बोटासाठी नव्हे.

सोमवारी आणि गुरुवारी दुपारी तो घाऊक बाजारात म्हणून जायचा. माल मात्र हल्ली येत नव्हता. त्या गुरुवारी तो गेला तशी तिने शटर ओढलं. रंगकामानंतर एलईडीचे डिमर तिने सगळ्यात वर ठेवले होते. स्टुलावर चढून त्यातला एक काढला, कोपऱ्यातली ओळ दोनदा वाचली, टेस्टरसकट पर्समध्ये टाकला. बिलबुकात बाईचा पत्ता होता. जाताना तिने तोच पिवळा ड्रेस घातला. बघू दे त्या बाईला, आपणही काही टाकाऊ नाही!

रस्ताभर तिने वाक्य घोकलं. 'हा घ्या चालणारा डिमर. आता माझा नवरा मला परत द्या.'

इमारत जुनी, जिना लाकडी. चाहूल लागायला नको म्हणून चपला हातात घेऊन ती अनवाणी चढली. दुसऱ्या मजल्यावर दार नुसतं लोटलेलं होतं, आणि बाहेर त्याच्या चपला. शेजारी शेजारी, नीट, घरी काढायचा तशाच. तिने पर्समधून खोका काढला. मग तिने दार ढकललं.

खोलीत पलंग नव्हता. एक टेबल, दोन खुर्च्या, ओढलेले पडदे, भिंतीवर नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता, वर लुकलुकणारा दिवा. नवरा टेबलावर वाकला होता. त्याच्यासमोर एक जाड कागद होता. त्यावर शाईचं एक अक्षर नव्हतं, नुसते उठावाचे ठिपके. त्या ठिपक्यांवरून तो सावकाश बोट सरकवत होता, आणि समोर बसलेली बाई हलक्या आवाजात म्हणत होती, "घाई नको. पुन्हा पहिल्यापासून."

बाईचं लक्ष दाराकडे गेलं. ती गडबडून उभी राहिली, खुर्ची करकरली. नवऱ्याने मान वर केली.

चार पावलांवर ती उभी होती. पिवळ्या ड्रेसमध्ये, एका हातात चपला, दुसऱ्या हातात निळा खोका. घोकलेलं वाक्य ओठांपाशी आलं आणि तिथेच राहिलं. त्याने सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. दुकानात नवं गिऱ्हाईक आल्यावर हसायचा, तसं अदबीने हसला.

"बाई," त्याने विचारलं, "कोण आलंय?"