मागची जागा

दादोंग, गावाची म्हातारी नृत्यगुरू, मंडपाची पायरी चढली आणि ताल तुटला.

ताल सुदियानी तोंडानेच धरत होती. गावातली वाद्यं दादोंगच्या घरी होती, ती मागायची कोणी? पोरी हात वर धरून होत्या तशाच थिजल्या.

सुदियानीच्या नाचाच्या शाळेचा पहिला दिवस. पोरींच्या आया कठड्यावर बसलेल्या. त्यातली भाजलेलं डुक्कर विकणारी जाडजूड मादे कुजबुजली, पण पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी.

‘झालं! म्हातारी एकेकीच्या मागे उभी राहणार आणि अख्खा वर्ग घेऊन घरी जाणार.’

ते खरं होतं. इथे नाच समोरून शिकवत नाहीत. गुरू मागे उभी राहते, दोन्ही मनगटं धरते, आपल्या अंगाने पोरीचं अंग हलवते. मागे जी उभी, तिची ती शिष्या. आणि दादोंग मागे उभी राहिली की गावात दुसऱ्या कोणी त्या पोरीला हात लावत नसे.

दादोंगने एक पाऊल टाकलं.

त्याच हातांनी सुदियानीला घडवलं होतं. पुढे म्हातारीचे गुडघे गेले. मग पोरींच्या मागे सुदियानी उभी राहायची आणि दादोंग ओट्यावरून पान चघळत ओरडायची. घाम सुदियानीचा, नाव दादोंगचं. त्याचं तिला काही वाटत नसे.

आणखी एक.

मग लास्त्री नावाची पोर शिकायला आली. दादोंगने तिचं मनगट एकदा दाबलं आणि सोडून दिलं. ‘लाकूड आहे. परत पाठव.’ सुदियानीने पाठवली नाही. पहाटे सुदियानी भाताची पुडकी बांधून बाजारात विकायची, संध्याकाळी हॉटेलात पाहुण्यांपुढे नाचायची. मधल्या उन्हात, भात वाळवायच्या अंगणात, लास्त्रीच्या मागे उभी राहू लागली. मग दादोंगने नाकारलेली आणखी एक आली. मग आणखी.

दादोंगला कळलं. ती ओरडलीसुद्धा नाही.

‘तुत, उद्यापासून येऊ नकोस.’

केतुत सुदियानीला लहानपणापासून ती तुतच म्हणायची. तेव्हाही तुतच म्हणाली. तेच जास्त लागलं.

अंगण पुरेना तेव्हा सुदियानीने वस्तीचा मंडप मागितला. बैठकीतल्या पुरुषांनी माना खाजवल्या, एकमेकांकडे पाहिलं आणि हो म्हटलं, पण अट घालून. दादोंग नको म्हणाली, तर मंडप त्याच दिवशी रिकामा करायचा.

आता दादोंग मंडपाच्या मधोमध होती.

ती नेमकी लास्त्रीच्या मागे जाऊन उभी राहिली. मनगट धरलं. मागे वाकवलं. ते वाकलं, आणि बोटं नाचात हवी तशी, वाऱ्यातल्या पानांसारखी थरथरली.

‘कुणाची ही?’

‘माझी,’ मादे कठड्यावरून उठली. ‘तुम्ही लाकूड म्हणाला होतात ती. घरी नेऊन चुलीत घालायची राहिली बघा.’

दादोंगने मनगट पुन्हा दाबून पाहिलं. बराच वेळ. मग सोडून दिलं.

सुदियानीला आठवलं. हेच, असंच सोडलं होतं तेव्हाही.

म्हातारी आता सरळ तिच्याकडे येत होती. सुदियानीने कपाळाशी हात जोडले.

‘दादोंग, पोरींना काही बोलू नका. काय असेल ते मला बोला. मंडप मी आजच सोडते, पण यांना...’

‘किती बडबडतेस! हे मी शिकवलं नव्हतं.’

दादोंग तिच्यासमोर थांबली. अगदी हातभर अंतरावर. कमरेचा पट्टा घट्ट केला. मग सावकाश वळली आणि सगळ्या गावासमोर तिने सुदियानीकडे पाठ केली. दुखरे गुडघे कसेबसे वाकवले. दोन्ही हात वर उचलले आणि धरून ठेवले.

सुदियानीला काही कळेना.

‘मनगटं धर की, तुत,’ म्हातारी मान न वळवता म्हणाली. ‘डावं कोपर जन्मभर खाली पडतं माझं. माझ्या गुरूंना ते उचलता आलं नाही, आणि पुढे मला सांगायची कुणाची छाती झाली नाही. बघ, तुला जमतंय का.’