डोणीचा कोना

सकाळचा उजेड आधी पत्र्याच्या कडेवर आला. तिथे तो बराच वेळ रेंगाळला, जणू खाली उतरायची त्याला घाई नव्हती. मग तो भिंतीवरून ओघळला, तुळशीच्या पानांत थोडा अडकला, अंगणातल्या पाण्याच्या टबावर आला आणि तिथून उसळून छपराच्या आतल्या बाजूला थरथरू लागला. शेवटी तो अण्णांच्या चेहऱ्यावर पोहोचला. अण्णा बाजेवर बसून, रोजच्यासारखे, त्याच्याकडे तोंड करून होते. पापणीसुद्धा लवत नव्हती. आदिनाथला नेहमी वाटे, उजेड पाहावा तर आपल्या वडिलांनी.

टबात दोन पारदर्शक पेट्या बुडवून ठेवल्या होत्या. पाण्याखाली फोटो काढताना कॅमेरा अशा पेटीत बंद करतात. आत्ता त्यांत कॅमेरे नव्हते. टिश्यू कागदाची एकेक कोरडी घडी होती. कागद भिजला, तर पेटी गळकी. माजलगावात जाकीरचे कॅमेऱ्यांचे दुकान होते. आदिनाथ मित्र, म्हणून त्याने त्याला दोन छोटे कॅमेरे, पेट्यांसकट, पारखायला दिले होते. आज त्यांतली एक जोडी परत जायची होती.

“दोन उन्हाळे झाले बे,” टबाशी उकिडवा बसत जाकीर म्हणाला. “कॅमेरा निवडायला एवढा वेळ! उद्या पोरगी बघायला गेलास तर ती बिचारी बसल्या जागी म्हातारी होईल.”

आदिनाथ हसला नाही. अण्णांचे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली होते. त्या गावाचा एकही फोटो कुणापाशी नव्हता. अण्णांची नजर पुरती जाण्याआधी ते त्यांना एकदा दाखवायचे, एवढेच त्याने मनाशी धरले होते. दाखवायचे तर नीट दाखवायचे, म्हणून तो निवडत राहिला. भिंग किती रुंद, अंधुक पाण्यात कोणता कॅमेरा तग धरतो, पेटी किती खोल टिकते. बीडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. नजर हळूहळू जाईल, असे ते म्हणाले होते. आदिनाथने त्यातले ‘हळूहळू’ तेवढे घरी आणले होते.

जाकीरने पेट्या बाहेर काढल्या. एकीतला कागद कोरडा होता. दुसरीतल्या कागदाचा कोपरा ओला झाला होता.

“असं कसं?” आदिनाथ म्हणाला. “काल रात्री मीच धुऊन, रबराला ग्रीस लावून ठेवली व्हती.”

दोघांनी पेटी उघडली, रबराची कडी काढली, उन्हात फिरवून फिरवून पाहिली. काही दिसेना.

“आण इकडं,” अण्णा म्हणाले.

त्यांनी कडी हातात घेतली आणि तिच्यावरून बोट सावकाश फिरवले. एका जागी बोट थांबले.

“हितं केस हाय बघ.”

खरेच होता. पांढरा, ग्रीसमध्ये रुतलेला, नसल्यासारखा.

“कमाल हाय अण्णा तुमची,” जाकीर म्हणाला. “आमी दोघं डोळे फाडून बघतोय, आन तुमी...”

तो का कोण जाणे, बोलता बोलता थांबला. आई चहा घेऊन आली. तिने कप अण्णांच्या हातात दिला, त्यांची बोटे कपाच्या कानाशी नेऊन ठेवली आणि आत गेली. या वयातही किती जपते, असे आदिनाथच्या मनात आले.

आता फोटो उरले होते. पाणी ओसरलेल्या काठाला जुन्या गावाची वरची आळी कमरेएवढ्या पाण्यात लागते. काल तिथे वाकून त्याने दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच वस्तू टिपली होती: गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी. बरीचशी ती गाळात बुडाली होती. एक सरळ कड तेवढी वर होती. एका फोटोत फ्लॅशने गाळच चमकत होता. दुसऱ्यात हिरवट उजेडात ती कड शांत उभी होती.

“डोणीचा कोणता फोटो साफ, ते अण्णा सांगतील. तोच कॅमेरा ठेवू,” आदिनाथ म्हणाला.

त्याने पहिला कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी मान हलवली. मग त्याने दुसऱ्यावरचा फोटो लावला आणि कॅमेरा त्यांच्या हातातच दिला. अण्णांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप चाचपून बाजेखाली ठेवला, कॅमेरा दोन्ही हातांनी तोंडासमोर आणला. बराच वेळ ते तसेच राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“ह्यो. ह्यो लई साफ हाय, आदी. डोणीचा फुटका कोनाबी दिसतोय की! आपल्या ढवळ्यानं शिंग मारलं व्हतं तिथं.”

आदिनाथ गोंधळला. कोना तर गाळात होता. तो वाकून अण्णांच्या खांद्यावरून पाहू लागला.

थोडा वेळ बटण दाबले नाही की त्या कॅमेऱ्याचा पडदा आपोआप विझत असे. तो केव्हाच विझला होता. काळ्या काचेत अण्णांचा हसरा चेहरा होता, आणि त्याच्यामागे आदिनाथचा.

जाकीरनेही पाहिले. पडदा पुन्हा चालू करायला त्याचा हात पुढे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

“मग... ह्योच ठेवायचा न्हवं?” त्याने हलक्या आवाजात विचारले.

“हां,” आदिनाथ म्हणाला. “ह्योच.”

ऊन सरकले होते. अण्णांनी कॅमेरा मांडीवर घेतला, हवेत तळहात धरून ऊब कुठे आहे ते पाहिले आणि बाजेवर तिकडे सरकून बसले.

अण्णांना काहीच दिसत नव्हते.